ऑफिसातला पंखा कुणाचा?

घराबाहेर पडताना आपण काय काय बघतो? गॅस बंद केला ना, नळ घट्ट फिरवला ना, मोटार बंद आहे ना, दिवे-पंखे मालवले ना. कुलूप लावल्यावरही ते एकदा ओढून बघतो. मुलगा नळ सोडून तोंडाला साबण लावत बसला, की स्वयंपाकघरातून आवाज जातो, "अरे, पाणी काय फुकट येतं का?" वडीलही मागे नसतात. कोणी रिकाम्या खोलीत पंखा सोडून आलं, की लाइट बिलाचा आकडा ऐकवल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत.

पण हीच माणसं डबा घेऊन कामावर गेली, की त्यांना काय होतं कोण जाणे! मधल्या सुट्टीत सगळे डबा खायला उठतात आणि रिकाम्या खुर्च्यांवर पंखे गरगर फिरत राहतात. भर दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि डोक्यावर ट्यूबलाइट. बेसिनचा नळ टिपटिप गळतो आहे, येता-जाता सगळे बघतात, पण शिपायाला सांगायचे कष्ट कोणी घेत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं, "आपल्या काय बापाचं जातंय? ऑफिसचं आहे."

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळी गोम याच वाक्यात आहे. 'ऑफिसचं आहे' म्हणजे कुणाचंच नाही. आणि जे कुणाचंच नाही, ते कोण कशाला जपेल?

हा विषय आपल्या पानावर कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण आज आपल्यातल्या किती जणी नोकरी करतात बघा. शाळेत, अंगणवाडीत, पतसंस्थेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत, एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या खात्यात आपणच आहोत. ज्या माझ्यासारख्या घरी आहेत, त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी रोज आठ-नऊ तास कामाच्या जागी असतंच. दिवसातला जागेपणाचा निम्मा वेळ माणूस जिथे घालवतो, तिथे त्याने कसं वागावं, हा प्रश्न आपलाही आहेच की.

पर्यावरणाचं नाव निघालं, की ऑफिसात दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे 'पाणी वाचवा, वीज वाचवा' असा फलक, आणि दुसरी म्हणजे ५ जूनचं झाड. साहेब येतात, खड्डा आधीच खणलेला असतो, रोप ठेवलं जातं, फोटो निघतो, चहा होतो. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. तेव्हा कचेऱ्या, शाळा, सगळ्यांना आकडे वाटून दिले होते. झाडं लावण्याला माझा विरोध नाही. पण त्या झाडाला एप्रिल-मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे ज्या ऑफिसात ठरलेलं नसतं, तिथे पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात नवीन रोप लावायची वेळ येते. फलक टांगणं सोपं असतं. सवय लावणं अवघड असतं.

आपल्या जिल्ह्याला तर हे परवडणारंच नाही. आता नाव अहिल्यानगर झालं असलं, तरी तोंडात अजून 'नगर' येतंच. तर या नगर शहराचं पिण्याचं पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. ते आपोआप उतारावरून वाहत येत नाही. पंपांनी उपसून, विळदच्या पंपिंग स्टेशनवरून वर चढवून शहरात आणावं लागतं. म्हणून तर तिकडे वीज गेली, की इकडे आपल्या नळाला पाणी येत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'पाणीपुरवठा विस्कळीत' अशी बातमी येते. म्हणजे ऑफिसच्या बेसिनमधून जे पाणी वाया जातं, त्याच्यासोबत ते आणायला लागलेली वीजही वाया जाते. शिवाय त्याच धरणाच्या कालव्यावर राहुरी, नेवासा, शेवगावकडची शेती अवलंबून आहे. तेव्हा बापाचं जातंय की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं!

विजेचा हिशेब तर आपण बायका बोटांवर करू शकतो. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. एका ऑफिसात असे २० पंखे आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत ते तासभर रिकामेच फिरले, असं धरा. रोजचं दीड युनिट झालं. महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर ३३ युनिट. दोन खोल्यांचं एखादं घर तेवढ्यात आठ-दहा दिवस आरामात चालेल. आणि हे फक्त एका ऑफिसच्या एका तासाचं झालं. एसीचं गणित आणखी मोठं आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणून तर जानेवारी २०२० पासून स्टार मिळालेले नवीन एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर असावेत, असा नियम झाला. पण रिमोट आपल्याच हातात असतो ना! साहेबांच्या केबिनमध्ये एसी अठरावर आणि साहेब स्वेटर घालून बसलेले, असं दृश्य आपल्याकडे अगदीच दुर्मीळ नाही.

मग माणसं बदलतात तरी कशाने? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या नगर तालुक्यातच हिवरेबाजार आहे. पाऊस जेमतेम, डोंगर उघडेबोडके, कामाला माणसं पुण्या-मुंबईकडे गेलेली, अशी त्या गावाची एकेकाळची स्थिती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे काय झालं ते आपण सगळ्या जाणतो. २०२० सालचा पद्मश्री किताब त्यांना मिळाला. आपण सहलीला तिथे जातो, हिरवा डोंगर बघतो आणि 'वा, छान' म्हणून परत येतो. पण ते घडलं कसं, हे बारकाईने बघायला हवं.

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत, हे नियम वरून आलेल्या परिपत्रकाने लागू झाले नाहीत. ग्रामसभेत बसून, वाद घालून, गावानेच ते ठरवले. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे श्रमदान. नुसतं भाषण नाही, स्वतःचे हात मातीत घालायचे. आणि तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, विहिरींना किती आहे, हे दरवर्षी मोजायचं, सगळ्यांसमोर मांडायचं आणि मगच कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. पाऊस कमी झाला, तर आधी पिण्याचं पाणी, मग बाकीचं. जमाखर्च सगळ्यांना दिसतो, म्हणून पाणी 'कुणाचंच नाही' असं राहत नाही. ते 'आपलं' होतं.

आता एखादी म्हणेल, गावाची गोष्ट वेगळी आणि ऑफिसची वेगळी. गावात माणसाचं स्वतःचं शेत असतं, पाणी वाचलं तर पीक त्याचंच येतं. ऑफिसात आज इथे आहे, तीन वर्षांनी बदली होऊन दुसरीकडे. त्याला काय पडलंय? हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण म्हणूनच ऑफिसात या तीन गोष्टी जास्त लागतात. कुठल्या कचेरीच्या दाराशी त्या महिन्याचं लाइट बिल लावलेलं तुम्ही कधी पाहिलंय? त्या इमारतीत महिन्याला किती युनिट जळतात, किती रिम कागद लागतो, पाण्याच्या किती बाटल्या येतात, हे तिथे काम करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीतच नसतं. घरात बिल आपल्या हातात पडतं म्हणून आपण ओरडतो. ऑफिसात ते अकाउंट्सच्या फायलीत जातं आणि तिथेच झोपतं. ते भिंतीवर लावा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं शेजारी लावा. बघा, दोन महिन्यांत कोणीतरी विचारेलच, "अहो, एवढं कसं वाढलं?" चर्चेची सुरुवात तिथून होते.

वाचलेल्या पैशांचाही थोडा वाटा वाचवणाऱ्यांना दिसायला हवा. खासगी कंपनीला, पतसंस्थेला हे सहज करता येईल. वर्षभरात बिलात जेवढी बचत होईल, त्यातल्या निम्म्या रकमेतून काय आणायचं ते कर्मचाऱ्यांनी ठरवावं. डबा खायच्या खोलीत चांगला वॉटर फिल्टर, बायकांच्या खोलीत एक कॉट, काहीही. सरकारी कचेरीत पैसे असे वळवता येत नाहीत, पण कौतुक तर करता येतं? आपल्याकडे चूक झाली की मेमो मिळतो, बचत केली तर साधं नावही निघत नाही.

आणि सुरुवात वरून व्हायला हवी. जपानमध्ये २००५ च्या उन्हाळ्यात सरकारने 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली. ऑफिसातला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि कोट-टाय न घालता कामावर यायचं. कोट-टायशिवाय ऑफिसला जाणं हे त्या लोकांना जवळपास उघडं फिरण्यासारखं! मग खुद्द पंतप्रधान कोइझुमी टाय न लावता लोकांसमोर आले. साहेबच असे आल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०२४ च्या मे महिन्यात सीएसआयआर या देशातल्या मोठ्या विज्ञान संस्थेने 'रिंकल्स अच्छे हैं' म्हणत सोमवारी इस्त्री न केलेले कपडे घालून कामावर या, असं कर्मचाऱ्यांना सांगितलं. त्या संस्थेच्या महासंचालक एक बाई आहेत, डॉ. एन. कलैसेल्वी, या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला. इस्त्री कोण करतं, हे बाईलाच बरोबर ठाऊक असणार! यात विजेची बचत आहेच, पण सोमवारी सकाळी नवऱ्याच्या शर्टाशी झटापट करणाऱ्या कितीजणींची पाठही वाचेल.

याच्या उलट चित्र मी समाजकार्याच्या निमित्ताने फिरताना पाहते. पर्यावरणावरची मीटिंग असते आणि टेबलावर प्रत्येकापुढे प्लास्टिकची छोटी पाण्याची बाटली. दोन घोट पिऊन बाकीची तशीच टाकून माणसं उठतात. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण मीटिंगमधली बाटली काही हलली नाही. चहाच्या कागदी कपाचंही तेच. तो नावाचाच कागदी. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. तो नीट कुजतही नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. त्यापेक्षा काचेचे पंधरा ग्लास आणि एक माठ काय वाईट? पण ते विसळायचे कुणी, हा प्रश्न येतो. आणि तो आला, की सगळ्यांच्या नजरा कामवाल्या मावशींकडे वळतात.

इथेच मला थांबून बोलायचं आहे. ऑफिसातले कर्मचारी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसलेली माणसं येतात. झाडू मारणाऱ्या मावशी, संडास धुणारा भाऊ, कचरा उचलणारी बाई, हे कर्मचारी नाहीत का? आमच्या बचत गटातली एक जण एका कार्यालयात सफाईचं काम करते. एकच डबा. त्यात चहाचे कप, खरकटं, कागद, स्टेपलच्या पिना, फुटलेली काच, बायकांचे पॅड, सगळं एकत्र. हातमोजे नाहीत. बोटाला काच लागून पिकलं, तेव्हा खाडा झाला आणि पैसे कापले गेले. त्या कार्यालयाच्या भिंतीवर 'स्वच्छतेत ईश्वर आहे' असं लिहिलेलं आहे. ईश्वर असेल हो, पण त्या बाईच्या बोटाकडे बघायला माणूस नव्हता.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. त्यात बहुतेक बायकाच. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. ओला आणि सुका वेगळा करा, हे त्यांनी लोकांना पटवलं ते नुसतं पृथ्वीच्या नावाने नाही. 'आमचे हात यात जातात' हे त्यांनी सांगितलं. मला वाटतं ऑफिसातही हेच सांगायला हवं. पृथ्वी फार मोठी आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. मावशी रोज समोर दिसतात. कप वेगळ्या डब्यात, खरकटं वेगळ्यात, काच जाड कागदात बांधून, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका ओढून. एवढं केलं तर कुणाच्या तरी बोटाची जखम वाचते, हे कळायला पर्यावरणाचं पुस्तक वाचावं लागत नाही.

बचत करायची तीही दुबळ्याच्या जिवावर नको, हेही सांगून ठेवते. 'पाणी वाचवा' म्हणून बायकांच्या संडासाचं पाणी तोडायचं, जिन्यातला दिवा काढून टाकायचा आणि केबिनमधला एसी मात्र चालूच, हा पर्यावरणप्रेमाचा प्रकार नाही. ऑफिसात धड संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. त्यांना पाण्याच्या बचतीवर भाषण द्यायची माझी तरी हिंमत होणार नाही. आधी त्यांच्या नळाला पाणी द्या.

आणखी एक बोलणं नेहमी ऐकू येतं. "कारखाने धूर सोडतात, नदी-नाल्यात मळी सोडतात, आणि तुम्ही आमच्या पंख्याच्या मागे लागता!" बरोबर आहे. मोठ्यांचा जाब आधी घेतला पाहिजे. पण कारखाना म्हणजे तरी कोण? तिथेही माणसंच कामाला आहेत. कोणती पाइप रात्री उघडते, कोणती मशीन तेल गळते, हे साहेबांच्या आधी कामगाराला कळतं. तो बोलत नाही, कारण बोललं तर नोकरी जाईल ही भीती. ज्या ठिकाणी गळक्या नळाबद्दल बोललेलं ऐकून घेतलं जातं, तिथेच उद्या गळक्या पाइपबद्दल बोलायचं धाडस होईल. लहान गोष्टींची सवय म्हणून महत्त्वाची. पंखा बंद केल्याने जग वाचणार नाही, हे मलाही कळतं. पण जिथे पंख्याबद्दल बोलता येत नाही, तिथे नदीबद्दल कोण बोलणार?

मग करायचं काय? महिन्यातून एकदा अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, शिपायापासून साहेबांपर्यंत, आणि सफाईच्या मावशींना पहिल्यांदा बोलू द्यायचं. हीच ऑफिसची ग्रामसभा. कोणतं बटण कोणत्या टेबलाचं, हे तिथे वाटून घ्यायचं. जो शेवटी उठेल तो बंद करेल, याला काही मोठी समिती लागत नाही. पाठकोरे कागद कच्च्या कामाला ठेवायचे. एका भागात राहणाऱ्या दोघी-तिघींनी एकाच गाडीवर किंवा एसटीने यायचं. नवीन झाडाला पाणी घालायची पाळी लावायची, फोटोत असलेल्या सगळ्यांची, साहेब धरून. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा वीज, पाणी, इंधन वाचेल हेही एक कारण दिलं होतं. दोन दिवस कुलूप लावून वाचतं ते वाचतंच. उरलेल्या पाच दिवसांत माणसांनी वाचवलं, तर खरं.

आणि घरून आपण काय करू शकतो? स्टीलचा डबा, घरची पाण्याची बाटली, पिशवीत एक कप, हे सोबत न्यायला लावायचं. पण मैत्रिणींनो, ती बाटली रोज सकाळी आपणच भरून द्यायची, असं मात्र नको! नवऱ्याची बाटली नवऱ्याने भरावी, मुलाची मुलाने. पर्यावरणाच्या नावाने आणखी एक काम बायकांच्याच गळ्यात पडलं, तर ते टिकणार नाही. ज्याने आपली बाटली आपण भरली, त्यालाच पाण्याची किंमत कळते.

आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचं नाव आहे, त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर विहिरी बांधल्या, घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या. कधी डोळ्यांनी दिसणारही नाहीत अशा वाटसरूंसाठी. 'माझ्या काय बापाचं जातंय' असं त्या म्हणाल्या असत्या, तर? त्यांचं नाव लावणाऱ्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांनी निदान आपलं लाइट बिल दाराशी लावून सुरुवात करावी. तुम्ही जिथे काम करता, तिथे येत्या पहिल्या तारखेला ते मागून बघा. देणार नाहीत कदाचित. पुढच्या महिन्यात दोघी मिळून मागा.